शरयूताई आणि खसखशीची बाजू

"तस्कर हा अत्यंत शिस्तप्रिय, बहुभाषिक आणि सर्वधर्मसमभावी गृहस्थ असतो."

शरयूताई वैशंपायन यांच्या व्याख्यानाचे हे पहिले वाक्य असे. समोर निरनिराळ्या देशांचे पोलीस आणि सीमाशुल्क अधिकारी कडक इस्त्रीच्या गणवेशात बसलेले असत. त्यांतील निम्मे जण हे वाक्य वहीत उतरवून घेऊ लागत आणि लिहिता लिहिता थबकत. तेवढ्यात दुसरे वाक्य येई. "त्याला व्हिसा लागत नाही, दुभाषा लागत नाही आणि उद्घाटनाला प्रमुख पाहुणा लागत नाही. आपल्याला तिन्ही लागतात. तो आपल्या पुढे का आहे, हे आता वेगळं शिकवायला नको. चहा घ्या."

जन्मभर शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाल्यावर मला इंदूरजवळ सिमरोलच्या वाटेवरील एका प्रशिक्षण केंद्रात नकाशे टांगण्याचे, वेळापत्रक आखण्याचे आणि इतिवृत्त लिहिण्याचे काम मिळाले होते. अमली पदार्थांची तस्करी आणि व्यसन यांच्याविरुद्ध निरनिराळ्या देशांनी मिळून काम कसे करावे, हे त्या केंद्रात शिकवले जाई. ते शिकण्यासाठी अधिकारी दूरदूरच्या देशांतून येत. आल्यावर पहिले तीन दिवस आपापल्या देशबांधवांच्या शेजारी बसत आणि चौथ्या दिवसापासून खरेदीला जात. शरयूताई तेथे रसायनशास्त्राच्या तासांना येत. निदान वेळापत्रकात तरी तसे लिहिलेले असे.

पुढे एका दिवाळीनंतर आमच्या जुनी इंदूरमधील एक मुलगी अनारशांच्या डब्यापायी परदेशातील कोठडीत जाऊन बसली. ती सुटेल की नाही, हा प्रश्न शेवटी ताईंच्या दारात येऊन उभा राहिला. पण कोणताही धडा शिकवताना आधी नकाशा, मग लढाई, अशी माझी जुनी पद्धत आहे. म्हणून आधी ताई.

माळव्यात सरकारी परवान्याने अफूची शेती होते. तिच्या तपासणीच्या प्रयोगशाळेत ताईंची सारी नोकरी झाली. अफूच्या बोंडाला चीर दिली की चीक येतो, ती अफू. बोंड वाळले की त्यातून बी निघते, ती खसखस. एकाच बोंडातील एक वस्तू सरकारी तिजोरीत आणि दुसरी आपल्या फडताळात, हे ताई प्रत्येक तुकडीला सांगत आणि पुढे जोडत, "सख्ख्या बहिणी आहेत. एकीचं नाव पोलीस ठाण्यात, दुसरीचं अनारशावर."

या नोकरीने त्यांना निवृत्तिवेतन दिले आणि एक विलक्षण नाक दिले. हाती आलेली प्रत्येक वस्तू त्या आधी हुंगत आणि मग तिच्याकडे पाहत. चहा, पुष्पगुच्छ, नोटीस, नवा गणवेश, कशालाही सूट नसे. केंद्राच्या संचालकांनी एकदा त्यांच्यापुढे फाइल ठेवली आणि ती रात्रंदिवस आपल्या टेबलावर होती, असे सांगितले. ताईंनी ती नाकाशी नेली. "साहेब, ही टेबलावर नव्हती. कॅन्टीनमध्ये होती. कचोरी ताजी होती पण चटणी कालची." संचालकांनी त्यानंतर ताईंना फायली ई-मेलने पाठवायला सुरुवात केली.

उंची बेताची, सुती साडी, साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. चष्मा डोळ्यांपेक्षा कपाळावर अधिक काळ असे. बोलणे अस्सल इंदुरी. मला त्या 'मास्साब' म्हणत. "अहो मास्साब, ऐसा है, की तुम्ही फार सीधे आहात. सीधा माणूस इतिवृत्ताला बढिया, तपासाला बेकार." त्यांचे हे प्रमाणपत्र मी पुढील प्रसंगी बहुधा गमावले.

एका अभ्यासक्रमाच्या उद्घाटनाला एक लोकप्रतिनिधी प्रमुख पाहुणे होते. दीप लागला, हार झाले आणि नशामुक्तीची प्रतिज्ञा देण्यासाठी ते उभे राहिले. सभागृहही उभे राहिले. पाहुण्यांचा डावा गाल चांगलाच फुगलेला होता. प्रतिज्ञा काही सुरू होईना. ते डोळ्यांनी इकडेतिकडे काहीतरी शोधू लागले. दुसऱ्या रांगेतून ताईंचा आवाज आला, "भियाजी, आधी थूकदानी बघा. प्रतिज्ञा कुठे पळून जात नाही."

इंदुरी मंडळी ताबडतोब हसली. परदेशी पाहुणे कानांतील यंत्रातून भाषांतर ऐकत होते, त्यामुळे त्यांचे हसू भाषेप्रमाणे क्रमाक्रमाने आले. एक देश हसून संपला की दुसरा सुरू होई. संचालकांनी मला डोळ्यांनी विनवले. मी इतिवृत्तात लिहिले, 'प्रारंभी प्रमुख पाहुण्यांनी काही काळ मौन पाळले.' ताईंनी ते वाचले, हुंगले आणि म्हणाल्या, "वाटतं तेवढे सीधे नाही हो तुम्ही."

आता इंदूरच्या परदेशीपुरा वस्तीतला प्रसंग. मी आयुष्यात पुष्कळ सहली काढल्या. अशी सहल दुसरी नाही.

गिरण्या चालू होत्या त्या काळातील एका बैठ्या इमारतीत तेथे एक व्यसनमुक्ती केंद्र आहे. प्रत्येक तुकडीला ते दाखवायचे, असा नियम होता. अधिकारी रांगेने फिरत, भिंतीवरची सुवचने वाचत, रुग्णांना 'कसं वाटतंय?' असे विचारत आणि मग अंगणात येऊन सिगारेट पेटवत. खिडकीतून रुग्ण ते पाहत. एकदा ताईंनी हे पाहिले आणि पुढच्या तुकडीला त्यांनी दारातच थांबवले.

"आज पाहायचं नाही. आज राहायचं," त्या म्हणाल्या. "सिगारेट, तंबाखू, कॉफीच्या पुड्या, मोबाइल, सगळं या टोपलीत. संध्याकाळपर्यंत तुम्ही इथले भरती झालेले पेशंट. हे कैलास. आज हे तुमचे साहेब."

कैलास हा तेथे बरा होऊन तेथेच देखरेखीला राहिलेला मूळचा रंगारी. त्याने आयुष्यात एवढे गणवेश आपल्यापुढे ओशाळून उभे राहिलेले पाहिले नव्हते. तो आनंदाने म्हणाला, "घबराना नहीं साहब लोग. बस पहला दिन भारी जाता है." एकाने विचारले, "आणि दुसरा?" कैलास म्हणाला, "दूसरा आपको देखना ही नहीं है ना."

त्या तुकडीत दोन शेजारी देशांचे दोन अधिकारी होते. त्यांच्या देशांची नावे लिहिणे प्रशस्त नाही. एक देश डोंगराळ, दुसरा त्याला लागून असलेला सपाट, एवढे पुरे. भूगोलाच्या शिक्षकाला असे मोघम लिहिताना काय यातना होतात, याची वाचकांनी कल्पना करावी. त्या दोन देशांची सरकारे एकमेकांशी बोलत नव्हती, म्हणून हे दोघेही बोलत नसत. मी त्यांच्या खुर्च्या मुद्दाम शेजारी ठेवी. ते मुद्दाम त्या हलवीत.

दुपारपर्यंत सर्वांची चिडचिड सुरू झाली. एकाने इंग्रजी सुवचनातील शुद्धलेखनावरून वाद घातला. जेवणानंतर हजेरी घेतली, तर डोंगराळ आणि सपाट, दोघेही गायब. कैलास मागच्या अंगणात धावला आणि लगेच त्याने आम्हाला हाक मारली.

डोंगराळ अधिकारी भिंतीला टेकून, चेहऱ्यावर निष्पाप भाव ठेवून पहारा देत होता. सपाट अधिकारी भिंतीपलीकडे, पानाच्या टपरीवर, आपल्या देशाची नोट दाखवून खाणाखुणांनी बिड्या मागत होता. टपरीवाला ती नोट उन्हात धरून पाहत होता. एवढ्यात डोंगराळाने शीळ घातली. पण आम्ही पोचलो होतो.

ताईंनी टाळ्या वाजवल्या. "वा भिया, वा! तुमची सरकारं बोलत नाहीत. आणि तुम्ही एका बिडीसाठी काय काय जमवलंत! गुप्त माहिती, सीमेवर पहारा, धोक्याचा इशारा आणि परकीय चलन. मी इतकी वर्षं हेच शिकवते. कुणाला जमलं नव्हतं." मग त्या बाकीच्या वर्गाकडे वळल्या. "हेच करायचंय. फक्त उलट्या दिशेने. आणि एक लक्षात ठेवा, तुमच्याने अर्धा दिवस निघाला नाही. आत बसलेल्यांना जन्म काढायचाय."

सपाट अधिकारी भिंत चढून परत आला आणि हाती लागलेली एकुलती बिडी त्याने टोपलीत टाकली. परतीच्या बसमध्ये ते दोघे शेजारी बसले. त्या दिवशी खुर्च्या मी ठेवल्या नव्हत्या.

त्याच संध्याकाळी ताईंनी आपला आवडता नियम सर्वांकडून करवून घेतला. प्रत्येकाने प्रत्येकाला आपल्या घरचा दूरध्वनी क्रमांक द्यायचा. "ऑफिसचा नको. ऑफिस उचलत नाही. घरी बायको उचलते." संचालकांना हे अनौपचारिक वाटे. ताई म्हणत, "साहेब, तस्करांकडे प्रोटोकॉल नाही, फक्त मोबाइल आहे."

त्या दिवशी एकच अधिकारी शांत राहिला होता. आखातातील एका देशाचे मेजर. मोठे गंभीर गृहस्थ. सिगारेटचे पाकीट त्यांनी न बोलता टोपलीत ठेवले आणि दिवसभर ते कैलासशेजारी बसून लसूण सोलत राहिले. त्यांना हिंदी चांगली येत होती, आणि तिच्या आधाराने ताईंची मराठीही समजे. त्यांच्या शहरात हिंदी आल्याशिवाय भाजीसुद्धा नीट मिळत नाही, असे ते सांगत. नाव लांबलचक होते. ताईंनी त्याचे 'भिया', म्हणजे इंदुरी 'भाऊ', करून टाकले.

"भिया मतलब?" मेजरांनी विचारले.

"ओहदा है. इंदौर में मेजर के ऊपर भिया होता है."

मेजरांनी किंचित मान झुकवून बढती स्वीकारली.

त्या तुकडीचा समारोप दिवाळीच्या तोंडावर आला, म्हणून ताईंनी सर्वांना जुनी इंदूरमधील आपल्या घरी फराळाला बोलावले. घर लहान, देश पुष्कळ. काही देश जिन्यावर बसले. ताटात चिवडा, शेव, चकली आणि ताईंनी स्वतः केलेले अनारसे.

ज्यांच्या घरी अनारसे होत नाहीत, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. तांदूळ भिजवून, वाळवून, कुटून, गुळात कालवून पीठ मुरवत ठेवतात. मग त्याची गोळी खसखशीवर थापतात आणि खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडतात. अनारसा उलटायचा नसतो. वरची बाजू झाऱ्याने तूप उडवून तळायची. जाळी पडली तर बाईचे नाव होते. पीठ बिघडले किंवा हात थरथरला, तर अनारसा तुपात विरघळून पसरतो; त्याला आपल्याकडे 'अनारसा हसला' म्हणतात. करणारी मात्र त्या वेळी हसत नसते.

मेजरांनी अनारसा उचलला, ताईंनी शिकवले होते त्याप्रमाणे आधी हुंगला आणि सावकाश ताटात परत ठेवला.

"मैडमजी," ते म्हणाले, "ये हमारे यहाँ जेल है."

"हमारे यहाँ दिवाली है," ताई म्हणाल्या. पण त्यांचा चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आला होता. "एवढीशी खसखस?"

"एक दाना भी. क़ानून दाना नहीं गिनता."

जिन्यावरचे देशसुद्धा माना उंचावून पाहू लागले. ताईंनी मेजरांच्या ताटातील अनारसा उचलला आणि स्वतः खाल्ला. "चला, पुरावा नष्ट. तिळाचा चालेल?"

"तिल चलेगा."

"पण मला नाही चालत. तिळाचा अनारसा म्हणजे तडजोड. मी तस्करांशी करत नाही, अनारशाशी कशाला करू?"

मेजर प्रथमच मोठ्याने हसले. जाताना त्यांनी आपला घरचा क्रमांक स्वतःच्या हाताने लिहून दिला.

तेव्हापासून आमच्या भागातून परदेशी जाणाऱ्या प्रत्येकाची बॅग ताई तपासू लागल्या. इंदूरहून आखाताला थेट विमान सुटते. आमच्याकडे माणूस परदेशी निघाला, की तो एकटा निघत नाही. एका घरची शेव, दुसऱ्याचे लोणचे, तिसऱ्याच्या मुलासाठी पोह्यांवर भुरभुरायचे जिरावण, आणि चौथ्याची न सांगता कोंबलेली पुडी. जाणारा एक आणि सामान अर्ध्या गल्लीचे. ताई जमिनीवर फतकल मारून एकेक पिशवी नाकाशी नेत. खोकल्याचे औषध बाहेर, झोपेच्या गोळ्या बाहेर, खसखशीचे पाकीट तर दुरूनच बाहेर.

"ताई, कस्टमवाले तिकडे आहेत ना?" लोक कुरकुरत.

"तिकडचे कस्टमवाले चहा पाजत नाहीत. घे, चहा पी आणि तो डबा इकडे आण."

ताईंच्या समोर राहणाऱ्या मंदा काळे यांची मुलगी ऋचा मेजरांच्याच देशात एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते. पुढच्या दिवाळीला ती घरी आली आणि भाऊबीज आटोपून परत निघाली. निघायच्या सकाळी ताईंनी तिची बॅग रीतसर तपासली, एक खोकल्याची बाटली जप्त केली आणि 'पास' म्हणून बॅगेवर थाप मारली. मंदावहिनींनी त्यांच्यापुढे फराळाची बशी ठेवली. ताईंनी तीन अनारसे खाल्ले. मी तेथेच बसलो होतो.

"मंदा, खसखस झकास भाजली आहेस," त्या म्हणाल्या.

आणि बूट घालून घरी गेल्या.

रिक्षा दारात आली, तेव्हा मंदावहिनींनी उरलेल्या अनारशांचा डबा लेकीच्या खांद्यावरच्या पिशवीत ठेवला. लेक रिकाम्या हाताने पाठवायची नसते. ताई पुडीतली खसखस काढतात, हे त्यांना ठाऊक होते. पण अनारशावरची खसखस ही खसखस असते, असे त्यांच्या मनातही आले नाही. त्यांच्या लेखी तो अनारसा होता.

दुसऱ्या दिवशी ऋचाच्या मैत्रिणीचा फोन आला. ऋचाला विमानतळावरच धरले होते. डब्यावर 'ऋचासाठी, आईकडून' अशी चिठ्ठी चिकटवलेली होती, आणि तीसुद्धा जप्त झाली होती. तेथील कायद्यात याला वर्षानुवर्षांची कैद होऊ शकते, असे मैत्रीण रडत सांगत होती.

मंदावहिनी ताईंच्या दारात येऊन मटकन बसल्या. "ताई, तुम्हाला दाखवलं असतं तर तुम्ही काढून ठेवला असता हो."

"मला दाखवलाच होतास," ताई म्हणाल्या. "बशीत घालून." मग माझ्याकडे वळून, "मास्साब, तीन खाल्ले मी. तीन. सगळ्या जगाच्या बॅगा हुंगते, आणि बाकीचे कुठे चाललेत एवढं विचारलं नाही. तोंड भरलं होतं ना!"

त्यांच्या तोंडून आलेली थट्टा त्या दिवशी प्रथमच कोणाला हसवायला आलेली नव्हती.

केंद्राचे संचालक वाईट मनुष्य नव्हते. ते म्हणाले, "मैडम, योग्य मार्गाने अर्ज करू. वर पाठवू. ते तिकडे पाठवतील. प्रॉपर चॅनल."

"साहेब, प्रॉपर चॅनलमधून आजवर फक्त नववर्षाच्या शुभेच्छा गेल्यात, आणि त्याही होळीला पोचल्यात. अर्ज पाठवाच. पण मी तोवर घरी फोन करते."

"कोणाच्या घरी?"

"भियाच्या."

फोन मेजरांच्या पत्नीने उचलला. ताईंनी आधी मुलांची चौकशी केली, मग मेजरांच्या सिगारेटची. मग मेजर आले. ताईंनी सगळे सांगितले आणि शेवटी म्हणाल्या, "भिया, छोड़ दो, असं मी बोलणार नाही. जाँच लो, एवढंच बोलते."

मंदावहिनी माझ्या हाताला धरून उभ्या होत्या.

"मैडमजी, क़ानून दाना नहीं गिनता."

"मालूम है. लेकिन इरादा तो पूछता है?"

"पूछता है. इरादा साबित कैसे करेंगी?"

"तळून," ताई म्हणाल्या.

मेजरांनी त्यांच्या बाजूने रीतसर परवानगी घेतली. आमच्या संचालकांनी 'तांत्रिक साहाय्य' या सदराखाली सही केली. आयुष्यातील सर्वांत धाडसी सही, असे ते नंतर म्हणाले. दोन दिवसांनी सकाळी मंदावहिनींच्या स्वयंपाकघरात संगणक मांडण्यात आला. पडद्यावर मेजर, त्यांच्याकडील एक वकील आणि एक रसायनतज्ज्ञ बाई होत्या. बाजूला एक दुभाषा. अलीकडे कढई, तूप, पीठ, खसखस, ताई आणि सुजलेल्या डोळ्यांच्या मंदावहिनी. मी कोपऱ्यात, वही घेऊन.

"करणारी मीच असते तर शिकवून आलेय असं म्हणाल," ताईंनी पडद्याला सांगितले. "ज्या बाईने तो डबा भरला, तीच करेल. मंदा, थाप."

मंदावहिनींनी गोळी थापली आणि तुपात सोडली. हात थरथरत होता. अनारसा क्षणभर गोल राहिला आणि मग कढईभर पसरला.

"हसला!" मंदावहिनी हुंदका देऊन म्हणाल्या.

दुभाष्याने ते इमानाने भाषांतरित केले. पलीकडे वकिलांनी इकडेतिकडे पाहून विचारले, "कोण हसले?"

"कोणी नाही," ताई म्हणाल्या. "भीतीने पदार्थ बिघडलाय. दुसरी थाप, मंदा. तुझी लेक बघत नाहीये, मी बघतेय."

दुसरा अनारसा टिकला. वर सोनेरी जाळी आली आणि जाळीवर खसखस. पलीकडच्या रसायनतज्ज्ञ बाईंनी पुढे झुकून विचारले, की दाणे एकाच बाजूला का? ताई जणू याच प्रश्नाची वाट पाहत होत्या.

"कारण हा उलटायचा नसतो. उलटला, तर खसखस जळते. आता विचार करा. लपवायचं असतं, तर बाईने दाणे आत भरले असते. हिने वर लावले, सगळ्यांना दिसतील असे. भाजले, तुपात तळले आणि डब्यावर 'आईकडून' लिहिलं. मी नोकरीत पुष्कळ तस्कर पाहिले. मालावर आपलं नातं लिहिणारा एक पाहिला नाही."

मेजरांनी मान खाली घातली. बहुधा हसू लपवण्यासाठी.

"आणि अजून एक," ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज उतरला होता. "त्या मुलीची बॅग मी तपासली होती. कायदा मला माहीत होता. तुम्हीच माझ्या घरात शिकवला होता, भिया. मुलीला माहीत नव्हता. हे माझ्या नावानिशी लिहून घ्या."

"नाम लिख लिया, मैडमजी," मेजर म्हणाले.

मग कित्येक दिवस काहीच आले नाही. ताईंनी त्या दिवसांत एकही विनोद केला नाही. चहा मात्र हुंगत राहिल्या आणि न पिता ठेवत राहिल्या. एका दुपारी मंदावहिनींच्या घरातून किंकाळी आली. आम्ही धावलो. ऋचाचा फोन होता, आणि तो तिने स्वतः केला होता. गुन्ह्याचा हेतू नसल्याचे तेथील अधिकाऱ्यांनी मान्य केले होते. डबा नष्ट, सक्त ताकीद, आणि मुलगी मोकळी.

या गोष्टीत मेजरांनी मेहेरबानी केली, असे कोणी समजू नये. त्यांनी कायदा वाकवला नाही. योग्य प्रश्न योग्य टेबलावर लवकर नेऊन ठेवला. ताईंच्या मते देशादेशांतले सहकार्य म्हणजे इतकेच, आणि ते इतके थोडे असूनही इतके दुर्मीळ आहे. संचालकांना ही घटना वार्षिक अहवालात 'यशोगाथा' म्हणून घालायची होती. ताईंनी तो कागद हुंगला आणि परत दिला. "यश कसलं, साहेब? वेळेवर एक डबा उघडला असता, तर यश म्हणता आलं असतं. ही तर दुरुस्ती."

पुढच्या वर्षी मेजरांच्या देशाने ताईंना व्याख्यानाला बोलावले. इतकी वर्षे सगळ्या जगाला शिकवणाऱ्या या बाईंनी तोवर परदेश पाहिला नव्हता. निघायच्या सकाळी मंदावहिनी आल्या, पदर खोचून जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "सरका ताई. आज माझी पाळी."

ताई निमूटपणे सरकल्या. साड्या निघाल्या, पुस्तके निघाली, कॅनव्हासच्या बुटांचा दुसरा जोड निघाला. तळाशी एक डबा होता. मंदावहिनींनी झाकण उघडले आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. आत अनारसे होते.

"हुंग ना," ताई म्हणाल्या. "नाक कशाला दिलंय?"

मंदावहिनींनी हुंगले. पुन्हा हुंगले. "तिळाचे?"

"तिळाचे," ताई दुसरीकडे पाहत म्हणाल्या. "भियासाठी. एका डब्यापुरती तडजोड. मास्साब, हे इतिवृत्तात नको."

परदेशाहून त्या परस्पर पुण्याला मुलाकडे गेल्या आणि तेथेच काही महिन्यांत आजाराने वारल्या. त्यामुळे माझ्यापाशी त्यांचे जे शेवटचे दर्शन आहे, ते इंदूरच्या विमानतळाच्या काचेतूनचे.

आम्ही बाहेर उभे होतो. आत तपासणीच्या टेबलावर एका तरुण जवानाने ताईंचा डबा उघडला आणि तो तसाच बंद करून पुढे सारू लागला. ताईंनी त्याचा हात धरला. चष्मा कपाळावर सरकवला. त्या काय बोलत होत्या ते ऐकू येत नव्हते, पण ऐकू येण्याची गरजही नव्हती. जवान आधी गोंधळला, मग त्याने डब्यावर नाक नेले. ताईंनी मान हलवली, नीट, पुन्हा. त्याने पुन्हा नेले. मागे रांग तुंबली होती. कोणी घड्याळ दाखवत होते, कोणी हात उडवत होते. जवान सरळ झाला आणि काहीतरी म्हणाला. उत्तर बरोबर आले असावे, कारण ताईंनी डब्यातून एक अनारसा काढून त्याच्या तळहातावर ठेवला.

तिळाची बाजू वर होती.